उत्तर न देणारा सर्व्हर कोणाची वाट पाहत होता?

नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील ज्या शिक्षण संस्थेच्या संगणक विभागात मी काम करते, तेथे विद्यार्थी, अध्यापक आणि कर्मचारी यांची ओळख एकाच ठिकाणी नोंदवलेली असते. प्रयोगशाळेतील संगणकांवरचे लॉगिन, वसतिगृहातील वाय-फाय, ग्रंथालयाची देवघेव, प्रवेश आणि परीक्षा अर्जांचे पोर्टल या सर्व प्रणाली त्या एका डिरेक्टरी सर्व्हरला विचारतात की हा वापरकर्ता कोण, त्याचा पासवर्ड बरोबर आहे का आणि तो कोणत्या गटात मोडतो. असा सर्व्हर पूर्ण बंद पडला तर निदान सर्वांना ते तत्काळ कळते, कारण जोडणी नाकारली जाते आणि प्रत्येक प्रणाली त्रुटीचा संदेश दाखवून पर्यायी सर्व्हरकडे वळते. तो चालू राहूनही उत्तर देणे थांबवतो तेव्हा मात्र कोणीच दुसरीकडे वळत नाही. जोडणी झालेली असते, विचारणा पोचलेली असते आणि विचारणारा उत्तराची वाट पाहत राहतो. गेल्या जुलैमध्ये ऐन प्रवेशाच्या दिवसांत आमच्या सर्व्हरने हेच सुरू केले. त्याचा छडा कसा लागला, हे मी सविस्तर लिहीत आहे. अशा प्रसंगी काय पाहावे हे मराठीत फारसे लिहिलेले मला आढळले नाही, आणि जिल्ह्यातील बहुतेक संस्थांमध्ये हे काम एखाद-दोन माणसांवरच असते.

आमच्याकडे ३८९ डिरेक्टरी सर्व्हर ही मुक्त प्रणाली आहे. तिचे मूळ अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात सापडते. टिम हाउझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिरेक्टरीसाठीच्या एक्स.५०० या अवजड मानकाला हलका पर्याय म्हणून एलडीएपी हा डिरेक्टरीला विचारणा करण्याचा प्रोटोकॉल रचला आणि त्याचा पहिला दस्तऐवज, आरएफसी १४८७, जुलै १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या परंपरेतील सर्व्हर पुढे नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीकडे वाढला, २००४ मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीने तो घेतला, आणि २००९ मध्ये एलडीएपीच्या ठरलेल्या पोर्टच्या, म्हणजे जाळ्यावरील दाराच्या, क्रमांकावरून त्याला आजचे नाव मिळाले. आजही त्याच्या प्रोसेसचे, म्हणजे चालू प्रोग्रामचे, नाव एनएस-स्लॅपडी असेच आहे. ही वंशावळ केवळ माहिती म्हणून देत नाही. नेटस्केपच्या काळात रुजलेली प्रवेश-नियमांची (कोणाला कोणती माहिती दिसावी हे ठरवणाऱ्या नियमांची) भाषा त्यात अजून तशीच चालते, आणि आमच्या अडचणीचे मूळ शेवटी त्याच भाषेतील एका जुन्या नियमात निघाले.

लक्षणे अशी होती. सकाळी काम मंद, पण चालू राही. दहाच्या सुमारास सिन्नर, दिंडोरी, निफाड, त्र्यंबक या बाजूंच्या एसटी गाड्यांनी आलेले विद्यार्थी अर्ज भरण्यासाठी प्रयोगशाळांत बसू लागले की पोर्टल आणखी मंदावू लागे आणि काही वेळात पूर्ण थांबे. त्यापाठोपाठ वाय-फाय, मग ग्रंथालय. प्रयोगशाळांतील काही लिनक्स संगणकांवर मात्र लॉगिन होत राही, आणि यामुळे पहिल्या दिवसांत बराच गोंधळ झाला. त्याचे कारण असे की त्या संगणकांवरील एसएसएसडी ही सेवा वापरकर्त्यांच्या नोंदी स्वतःजवळ साठवते (मूळ मांडणीत ५४०० सेकंद) आणि तशी परवानगी दिलेली असेल तर सर्व्हर उत्तर देत नसतानाही साठवलेल्या माहितीवर लॉगिन करू देते. म्हणजे त्या संगणकांवर काल बसलेला विद्यार्थी आत जाई आणि आज प्रथमच आलेला बाहेर राही. ‘अमुक प्रयोगशाळेत चालते आहे, म्हणजे सर्व्हर ठीक आहे’ हा निष्कर्ष म्हणून निरुपयोगी होता.

देखरेखीच्या फलकावर या सर्व काळात हिरवा दिवा होता. ती तपासणी केवळ ३८९ हे पोर्ट उघडे आहे का, एवढेच पाहत असे. नवी जोडणी स्वीकारण्याचे काम या सर्व्हरमध्ये एक वेगळा थ्रेड (प्रोग्रामच्या आत स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) करतो आणि आलेली विचारणा सोडवण्याचे काम कामकरी थ्रेडांचा एक ठरावीक गट करतो. कामकरी सगळे अडकले तरी दार उघडणारा मोकळाच असतो, त्यामुळे पोर्टची तपासणी यशस्वी होत राहते. एसएस या आज्ञेने जोडण्यांची यादी काढली तेव्हा खरी स्थिती उघड झाली: ३८९ पोर्टावरील बहुतेक प्रस्थापित जोडण्यांच्या ‘रिसीव्ह-क्यू’ या रकान्यात शून्याऐवजी आकडे होते. याचा अर्थ विद्यार्थ्यांच्या विचारणा यंत्रापर्यंत पोचल्या होत्या, लिनक्सच्या कर्नेलने, म्हणजे गाभ्याने, त्या ठेवून घेतल्या होत्या, पण सर्व्हरच्या प्रोसेसने त्या वाचल्याच नव्हत्या.

त्याच वेळी टॉप या आज्ञेत प्रोसेसचा सीपीयू वापर जवळपास शून्य दिसत होता, आणि डिस्कही निवांत होती. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण शोधाची दिशा इथेच ठरते. उत्तर न देणारा सर्व्हर सीपीयू पूर्ण खात असेल तर तो काहीतरी करतो आहे. निर्देशांक (शोध झटपट व्हावा म्हणून केलेली सूची) नसलेल्या ॲट्रिब्यूटवर, म्हणजे नोंदीतील रकान्यावर, कोणी शोध घेत असेल किंवा एखादे चक्र संपत नसेल. तो सीपीयू मुळीच वापरत नसेल तर तो कशाची तरी वाट पाहतो आहे: एखादे कुलूप सुटण्याची, डिस्कची, एखाद्या मंद क्लायंटची किंवा जाळ्यावरील दुसऱ्या सेवेची. आमचा सर्व्हर वाट पाहत होता, एवढे पहिल्याच पाहणीत स्पष्ट झाले. कोणाची, हे मात्र बाहेरून दिसणे शक्य नव्हते.

अशा प्रसंगी सर्वांचा आग्रह एकच असतो. प्रवेश कक्षातून दूरध्वनी येत होते, दारात पालक उभे होते, आणि माझे सहकारी विचारत होते, “मॅडम, रीस्टार्ट करून टाकू का? पाच मिनिटांत चालू होईल.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सुरगाण्याकडून आलेल्या मुलीचा अर्ज त्या दिवशी भरला गेला नाही तर तिला परतीची गाडी पकडून दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागते, हे मलाही दिसत होते. परंतु रीस्टार्ट केल्याबरोबर अडकलेले थ्रेड नाहीसे होतात आणि त्यांच्याबरोबर ते कुठे अडकले होते याचा एकमेव पुरावाही जातो. यापूर्वी प्रत्येक वेळी तेच झाले होते. काही वेळा तर प्रोसेस सक्तीने मारली गेल्यामुळे पुढच्या सुरुवातीला ‘डिसऑर्डर्ली शटडाउन’चा संदेश येऊन डेटाबेस आधी स्वतःची दुरुस्ती करत बसे. म्हणून आम्ही ठरवले की पुढच्या वेळी सर्व्हर थांबला की आधी थ्रेडांचे चित्र घ्यायचे आणि मगच काय ते करायचे. या कामाला एका मिनिटाहून जास्त वेळ लागत नाही, हे प्रवेश कक्षाला समजावून सांगितल्यावर त्यांनीही सहकार्य केले.

चित्र घेण्यासाठी जीडीबी हा डीबगर (प्रोग्रामच्या आत डोकावण्याचे साधन) चालत्या प्रोसेसला जोडायचा, सर्व थ्रेडांचे बॅकट्रेस, म्हणजे प्रत्येक थ्रेड कोणकोणत्या फंक्शनमधून कुठे पोचला आहे याच्या याद्या, एका फाइलमध्ये उतरवायचे आणि लगेच डीबगर सोडवायचा. तोपर्यंत प्रोसेस क्षणभर गोठते, पण ती तशीही उत्तर देत नसते. यासाठी सर्व्हरच्या नेमक्या आवृत्तीची डीबगइन्फो पॅकेजे आधीपासून बसवलेली असावी लागतात. ती नसतील तर फाइलमध्ये फंक्शनच्या नावांच्या जागी बहुतेक ठिकाणी प्रश्नचिन्हे येतात आणि हाती काही लागत नाही. आम्ही ती आदल्या रात्री बसवून ठेवली. आणखी एक काळजी घ्यावी. पूर्ण तपशिलाच्या बॅकट्रेसमध्ये त्या क्षणी स्मृतीत असलेले पासवर्डही उतरू शकतात, म्हणून ही फाइल केवळ प्रशासकाला वाचता येईल अशाच ठिकाणी ठेवावी आणि मदतीसाठी कोणाला पाठवायची झाली तर आधी ओळीन् ओळ तपासावी.

दरम्यान जे पुरावे आधीच उपलब्ध होते तेही आम्ही चाळले. त्रुटींच्या नोंदवहीत फाइल डिस्क्रिप्टर (प्रत्येक जोडणीसाठी लागणारे क्रमांक) संपल्याचा, म्हणजे ‘नॉट लिसनिंग फॉर न्यू कनेक्शन्स’ असा संदेश शोधला, तो नव्हता. ॲक्सेस लॉगमध्ये (आलेल्या विचारणांच्या नोंदींत) ‘नोट्स=ए’ अशी खूण असलेल्या, म्हणजे निर्देशांकाशिवाय सारी डिरेक्टरी धुंडाळणाऱ्या विचारणा शोधल्या; त्या तुरळक होत्या आणि झटपट संपलेल्या होत्या. मात्र ॲक्सेस लॉगच्या बाबतीत एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. हा सर्व्हर वेग राखण्यासाठी लॉगच्या ओळी आधी स्मृतीत साठवतो आणि मग एकदम डिस्कवर लिहितो, त्यामुळे सर्व्हर थांबलेला असताना फाइलमध्ये दिसणारी शेवटची ओळ ही खरोखरची शेवटची ओळ नसते. नेमक्या निर्णायक ओळीच स्मृतीत अडकून राहतात आणि रीस्टार्टच्या घाईत हरवू शकतात. शोध चालू असेपर्यंत आम्ही हे साठवणे बंद केले. डिस्कवरचा भार थोडा वाढला, पण लॉग प्रत्यक्ष घडामोडीबरोबर चालू लागला.

त्या लॉगमधून पहिला ठोस धागा मिळाला. प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो, जोडणीतील प्रत्येक क्रियेला एक क्रमांक असतो, आणि क्रिया सुरू झाल्याची एक ओळ व निकालाची दुसरी ओळ पडते. निकालाच्या ओळीत ‘ईटाइम’ म्हणजे लागलेला वेळ असतो. बाइंडच्या, म्हणजे पासवर्ड तपासण्याच्या क्रिया थ्रेड हाती आल्यावर लगेच संपत होत्या. त्याच जोडणीतील पुढचा शोध मात्र सुरू होऊन थेट २० सेकंदांच्या आसपास संपत होता, आणि तोही एकाच नोंदीचा, निर्देशांक असलेल्या ॲट्रिब्यूटवरचा. डेटाबेस मंद असता तर हा वेळ कधी तीन, कधी अकरा, कधी चाळीस सेकंद असा विखुरलेला दिसला असता. पुन्हा पुन्हा त्याच आकड्याजवळ थांबणारा वेळ पाहिला की कुठेतरी एखादी ठरावीक मुदत संपण्याची वाट पाहिली जाते आहे, असा संशय घ्यावा.

या संशयाची पडताळणी करताना मात्र एक विचित्र अडथळा आला. संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर, मी सर्व्हरवर बसून तोच शोध डिरेक्टरी मॅनेजर या मुख्य प्रशासकीय खात्याने चालवला आणि उत्तर क्षणार्धात आले. सर्व्हरवरूनच साध्या खात्याने चालवला, तरीही क्षणार्धात. दुसऱ्या इमारतीतील माझ्या संगणकावरून डिरेक्टरी मॅनेजर म्हणून चालवला, तेही तसेच. चौथी शक्यता, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून आणि साध्या खात्याने, तपासली तेव्हा २० सेकंद लागले. या चार निकालांचा विचार करत मी बराच वेळ बसले, आणि उलगडा होऊ लागला तो इथेच. डिरेक्टरी मॅनेजरला प्रवेश-नियम लागू होत नाहीत. सर्व्हर त्याच्यासाठी ते तपासतच नाही. म्हणजे लागणारा वेळ प्रवेश-नियमांच्या तपासणीत जात होता. आणि सर्व्हरवरूनच केलेली विचारणा त्यातून सुटत होती, म्हणजे त्या नियमात विचारणारा कुठून आला याच्याशी संबंधित काहीतरी होते. आतापर्यंत तक्रार आली की विभागातील प्रत्येक जण सर्व्हरवर बसून आणि प्रशासकाच्याच खात्याने तपासणी करत असे. नेमक्या त्याच दोन परिस्थितींत दोष दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दहानंतर सर्व्हर थांबला आणि आम्ही चित्र घेतले, मग अर्ध्या मिनिटाने पुन्हा एक. एकच चित्र पुरेसे नसते, हे मुद्दाम सांगते. एकाच चित्रात सगळे थ्रेड एकाच फंक्शनमध्ये दिसले तर ते परस्परांच्या कुलुपात कायमचे अडकले आहेत, असा समज सहज होतो. दोन चित्रे शेजारी ठेवली की ते खरोखर जागेवर खिळले आहेत की सरकत आहेत, हे कळते. निवांत बसलेला कामकरी थ्रेड ‘कनेक्शन_वेट_फॉर_न्यू_वर्क’ या फंक्शनमध्ये दिसतो. आमच्या चित्रात तसा एकही थ्रेड नव्हता. जवळपास सगळे कामकरी शोधाच्या फंक्शनमधून प्रवेश-नियमांच्या तपासणीत, तेथून नियमातील डीएनएसच्या (यंत्रांची नावे आणि पत्ते यांची सांगड घालणाऱ्या सेवेच्या) अटीत आणि शेवटी ‘पीआर_गेटहोस्टबायॲड्र’ या फंक्शनमध्ये गेलेले होते. हे फंक्शन आयपी पत्त्यावरून यंत्राचे नाव शोधते. दुसऱ्या चित्रातही हीच रांग होती, पण जोडण्यांची ओळख बदललेली होती. म्हणजे कोणी कायमचे अडकलेले नव्हते. प्रत्येक थ्रेड सुमारे २० सेकंद थांबत होता, सुटत होता आणि पुढच्या विचारणेसाठी पुन्हा तितकाच थांबत होता.

मग तो नियम शोधला. या सर्व्हरमध्ये प्रवेश-नियम त्या त्या नोंदीवरच ‘एसीआय’ या ॲट्रिब्यूटमध्ये राहतात, आणि ते नाव घेऊन मागितल्याशिवाय शोधाच्या निकालात येत नाहीत, त्यामुळे नेहमीच्या पाहणीत नजरेस पडत नाहीत. संपूर्ण वृक्षात एसीआय असलेल्या नोंदी मागितल्यावर बऱ्याच जुन्या काळचा एक नियम सापडला: दूरध्वनी क्रमांक फक्त ग्रंथालयाच्या उपक्षेत्रातील (सबडोमेनमधील) संगणकांनाच दिसावेत. ग्रंथपाल मॅडमना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “उशिरा पुस्तके परत करणाऱ्यांना फोन करता यावा म्हणून ते मागितले होते. आजही लागते ते आम्हाला.” मागणी रास्त होती आणि नियमही चुकीचा नव्हता. केवळ ‘ग्रंथालयाचा संगणक’ ही ओळख आयपी पत्त्याऐवजी यंत्राच्या नावाने लिहिली गेली होती, आणि विचारणाऱ्याचे नाव कळण्यासाठी सर्व्हरला प्रत्येक नव्या जोडणीच्या वेळी डीएनएसमध्ये रिव्हर्स लुकअप, म्हणजे पत्त्यावरून नावाचा शोध, करावा लागत होता.

इतकी वर्षे हा लुकअप लगेच होत होता, म्हणून कोणाला जाणवले नव्हते. त्या उन्हाळ्यात जुन्या इमारतीतील सर्व्हर-खोली हलवली गेली. डीएनएसचे काम दोन नव्या यंत्रांवर गेले आणि जुने यंत्र बंद करण्यात आले. नावावरून पत्ता देणारा विभाग नव्या यंत्रांवर नीट नेला होता, परंतु आमच्या अंतर्गत पत्त्यांवरून नाव देणारा रिव्हर्स विभाग नेला गेला नव्हता. त्याच्या विचारणा दोन्ही नवी यंत्रे अजून त्या बंद यंत्राकडे पुढे पाठवत होती आणि उत्तराची वाट पाहत होती. स्थलांतरानंतर डीएनएसची तपासणी झाली होती, पण ती सगळी नावावरून पत्ता शोधण्याची होती. ‘अशी नोंद नाही’ एवढे उत्तर जरी लगेच आले असते तरी काही बिघडले नसते. घात केला तो काहीच उत्तर न येण्याने. लिनक्सच्या जी-लिबसी या सॉफ्टवेअर-लायब्ररीची मूळ मांडणी अशी आहे की एका डीएनएस सर्व्हरसाठी ५ सेकंद थांबायचे आणि संपूर्ण यादीवरून २ फेऱ्या करायच्या. दोन सर्व्हर, दोन फेऱ्या, प्रत्येकी ५ सेकंद. लॉगमध्ये दिसणारे २० सेकंद हेच होते. सर्व्हरवरून केलेली चाचणी लगेच होत असे, कारण स्वतःच्या यंत्राचा पत्ता होस्ट्स फाइलमध्येच (यंत्रावरच असलेल्या नाव-पत्त्यांच्या यादीत) लिहिलेला असतो आणि त्यासाठी डीएनएसपर्यंत जावेच लागत नाही.

आता दहा वाजताचे गणितही जुळले. आमच्या सर्व्हरच्या आवृत्तीत कामकरी थ्रेडांची संख्या ३० होती. प्रत्येक नवी जोडणी एका थ्रेडला २० सेकंद अडकवत असेल तर सर्व्हर सेकंदाला दीड नवी जोडणीच निभावू शकतो. टपाल कचेरीतील प्रत्येक खिडकीवरचा कर्मचारी एका माणसासाठी आत जाऊन बराच वेळ परतत नसेल, तर खिडक्या कितीही उघड्या असल्या तरी रांग वाढतच जाते, तशी ही स्थिती होती. सकाळी लवकर आणि रात्री आमच्याकडे सेकंदाला दीडपेक्षा कमी जोडण्या येत, त्यामुळे काम मंद पण चालू राही. दहानंतर ती मर्यादा ओलांडली जाई आणि मग काम साचत जाई. पोर्टल प्रत्येक लॉगिनसाठी नवी जोडणी उघडत असे आणि नोंदीतील सर्व ॲट्रिब्यूट मागत असे, त्यात दूरध्वनी क्रमांकही येई, म्हणून हा नियम त्याच्या प्रत्येक शोधाला लागू होई. वाय-फायची सेवा केवळ हवी तेवढी माहिती मागत असे आणि आपल्या जोडण्या उघड्या ठेवत असे. तिच्या स्वतःच्या शोधांना हा विलंब नव्हता, पण तिच्यासाठी मोकळा थ्रेडच उरत नसे. शिवाय कंटाळून पान पुन्हा उघडणारा प्रत्येक विद्यार्थी नवी जोडणी वाढवत असे आणि त्याची जुनी विचारणा आत तशीच वेळ खात राही. रीस्टार्टनंतर थोडा वेळ बरे वाटण्याचे कारणही हेच, की रांग एकदा रिकामी होत असे.

कारण कळले असे वाटणे आणि ते सिद्ध होणे यांत अंतर असते. सुदैवाने इथे ते सिद्ध करण्याचा एक अत्यंत साधा मार्ग होता. पोर्टल एकाच यंत्रावर चालते, म्हणजे त्याच्या सर्व जोडण्या एकाच पत्त्यावरून येतात. सर्व्हर ठप्प असतानाच आम्ही त्याच्या होस्ट्स फाइलमध्ये पोर्टलच्या पत्त्याची आणि नावाची एक ओळ घातली, आणि दुसरे काहीही केले नाही, रीस्टार्टसुद्धा नाही. ही फाइल पुढच्या लुकअपच्या वेळी वाचली जाते. आधी अडकलेले थ्रेड आपापली मुदत संपवून सुटले, त्यांच्या हाती आलेल्या नव्या विचारणा लगेच निकाली निघू लागल्या आणि ॲक्सेस लॉगमधील निकालाच्या ओळी धडाधड सरकू लागल्या. प्रयोगशाळेतून एका सहायकांनी फोन करून विचारले, “मॅडम, तुम्ही रीस्टार्ट केला का? सगळ्यांचे एकदम उघडले.” त्या क्षणी झालेला आनंद मी शब्दांत नीट मांडू शकणार नाही.

त्यानंतरची कामे फारशी अवघड नव्हती. ग्रंथालयाच्या नियमात नावाऐवजी त्यांच्या उपजाळ्याचा आयपी पत्ता लिहिला, जेणेकरून ग्रंथपाल मॅडमची सोय कायम राहील आणि विचारणाऱ्याचे नाव शोधण्याची गरज उरणार नाही. नव्या डीएनएस यंत्रांवर रिव्हर्स विभाग तयार केला. मग होस्ट्स फाइलमधील ती तात्पुरती ओळ काढून टाकली, कारण अशा ओळी विसरल्या जातात आणि पुढे पत्ता बदलला की वेगळाच त्रास देतात. हे बदल एकदम न करता एकेक करून, मध्ये लॉग पाहत केले. थ्रेडांची संख्या दुप्पट करावी अशी सूचना एका सल्लागारांकडून आली होती. त्याने मर्यादा सेकंदाला दीडवरून तीन जोडण्यांवर गेली असती आणि निकालाच्या दिवशी सर्व्हर पुन्हा तसाच थांबला असता, म्हणून ती स्वीकारली नाही.

देखरेखीची तपासणी बदलायला मात्र आम्ही वेळ दिला. आता ती पोर्ट पाहत नाही. दुसऱ्या इमारतीतील यंत्रावरून, एका साध्या खात्याने, नवी जोडणी करून ती एक ठरावीक नोंद मागते आणि उत्तरास लागलेला वेळ नोंदवते. यातही एक खाच आहे. शोधाच्या आज्ञेला वेळेची मर्यादा देता येते, पण ती मर्यादा पाळण्याचे काम सर्व्हरचेच असते, आणि उत्तरच न देणारा सर्व्हर तीही पाळत नाही. म्हणून संपूर्ण आज्ञा लिनक्सच्या टाइमआउट या आज्ञेच्या आत चालवावी, म्हणजे ठरलेल्या सेकंदांनंतर ती बाहेरून थांबवली जाते. सर्व्हरच्या ‘सीएन=मॉनिटर’ या नोंदीतील सुरू झालेल्या आणि पूर्ण झालेल्या क्रियांचे आकडेही आम्ही नियमित साठवतो; या दोन आकड्यांतील अंतर वाढू लागले की रांग साचते आहे, हे तक्रार येण्याआधी कळते. अर्थात ती नोंद देण्यासाठीही एक मोकळा थ्रेड लागतोच, त्यामुळे पूर्ण ठप्प झाल्यावर तिचा उपयोग नाही. तेव्हा पुन्हा जीडीबीच लागतो, म्हणून बॅकट्रेस घेणारी एक छोटी स्क्रिप्ट सर्व्हरवर ठेवली आहे, आणि रीस्टार्ट करण्याआधी ती चालवावी अशी लेखी सूचना विभागातील सर्वांना दिली आहे.

पोर्टलचे काम पाहणाऱ्या गटाने पुढच्या प्रवेश फेरीपूर्वी दोन बदल केले: सर्व ॲट्रिब्यूट मागण्याऐवजी लागणारेच मागणे, आणि प्रत्येक लॉगिनसाठी नवी जोडणी न उघडता काही जोडण्या राखून त्याच पुन्हा वापरणे. जुने यंत्र आणखी कोणकोणत्या मांडणीत नावाने किंवा पत्त्याने लिहिलेले आहे, याची यादी आम्ही अजून करत आहोत. छपाईच्या सर्व्हरवर एक उल्लेख सापडला आहे आणि वसतिगृहाच्या राउटरची तपासणी बाकी आहे.